एकच जर्सी, एकच क्लब: टोट्टी, मालदिनी, रिव्हा आणि इटलीची 'झेंडा' मंडळी

कट्ट्यावरचा_गोली
काल रात्री झोप येईना म्हणून यूट्यूब उघडलं आणि भरकटत भरकटत टोट्टीच्या निरोपाच्या व्हिडिओवर जाऊन पडलो. २८ मे २०१७, रोमा विरुद्ध जेनोआ. ही मॅच मी लाइव्ह बघितलेली, आपल्याकडे रात्री साडेनऊला सुरू झाली होती, टोट्टी ५४व्या मिनिटाला सालाहच्या जागी आत आला, शेवटच्या मिनिटात पेरोत्तीने गोल मारून ३-२ केलं, पण खरं सांगतो मॅचचं काही आठवत नाही, आठवतं ते नंतरचं. बायको आणि तीन पोरांना घेऊन मैदानाला फेरी मारली, मग माइक हातात घेऊन कागदावरचं वाचायला लागला, की मला आता भीती वाटतेय, थोडं घाबरू द्या मला. गोल मारताना जो माणूस कधी घाबरला नाही तो हे बोलतोय, आणि स्टँडमध्ये पोट सुटलेले, दाढ्या पिकलेले बाप्ये पोरांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडतायत. मीही इकडे सोफ्यावर. बायको किचनमधून बाहेर आली, म्हणाली कोण गेलं? म्हटलं गेलं नाही कोणी, रिटायर झालाय. ती म्हणे मग एवढं काय, पेन्शन असेल की.

तर मुद्दा असा. १६व्या वर्षी, मार्च १९९३ मध्ये ब्रेशियाविरुद्ध पहिल्यांदा उतरला आणि ४०व्या वर्षी थांबला, मधे दुसरा क्लब नाही. ७८६ मॅचेस, ३०७ गोल आणि लीग जिंकली फक्त एकदा, २००१ ला. रियाल माद्रिदने बोलावलेलं, गेला नाही. गेला असता तर कपाटात काय काय असतं विचार करा.

इटलीत असल्या प्लेअरला 'बान्दिएरा' म्हणतात, म्हणजे झेंडा. शब्द मला फार आवडतो, जरीपटक्यासारखा. तर तुमचा झेंडा कोण आणि का, टाका इथे. नुसतं नाव नको, थोडं लिहा. टंकाळा करू नका.

लाल_काळा
मी पयला!

आता सविस्तर. टोट्टी ग्रेटच, पण या विषयात मालदिनी घराणं आहे, बाकी सगळे भाडेकरू. बाप चेझारे मालदिनी मिलानचा कॅप्टन, १९६३ ला वेम्ब्लीवर युरोपियन कप उचलला. पोरगा पाओलो, २००३ ला मँचेस्टरला कॅप्टन म्हणून तोच कप उचलला, बरोबर ४० वर्षांनी आणि तोही इंग्लंडातच. नातू डॅनिएल २०२१ ला मिलानकडून पहिल्यांदा लीगमध्ये सुरुवातीपासून खेळला, स्पेझियाविरुद्ध, आणि त्याच मॅचला गोल. पाओलो स्टँडमध्ये बसलेला, तो कसा उठून हात वर करतो ते बघा एकदा, २५ वर्षं डिफेन्समध्ये चेहऱ्यावरची माशी न हललेला माणूस.

९०२ मॅचेस मिलानसाठी. पाच वेळा युरोपचा कप. ३ नंबरची जर्सी क्लबने काढून ठेवलीय, फक्त त्याच्या पोरांपैकी कोणी आलं तर मिळणार होती. डॅनिएलने २७ घातली, शहाणा पोरगा.

काडीटाक्या
पॉपकॉर्न आणायला जातो म्हटलं पण आधी काडी टाकून जातो.

मालदिनीचं एवढं कौतुक करताय तर सॅन सिरोवरची त्याची शेवटची मॅच पण सांगा की. सोयीस्कर विसरलात का?

लाल_काळा
विसरलो नाही, सांगायला लाज वाटते म्हणून सोडलं. २४ मे २००९, रोमाविरुद्ध, मिलान ३-२ हरलं. माणूस घरच्या मैदानाला शेवटचा नमस्कार करतोय आणि आपल्याच कुर्वा सूदच्या, म्हणजे गोलमागच्या दक्षिण स्टँडच्या, अल्ट्रांनी, कट्टर पाठीराख्यांनी, शिट्ट्या मारल्या. वर ६ नंबरची, म्हणजे आधीचा कॅप्टन बारेसीची, भलीमोठी जर्सी पसरली आणि घोषणा काय, तर कॅप्टन एकच, बारेसी. कारण म्हणे २००५ ची इस्तंबूलची युरोपियन कपची फायनल हरून आल्यावर याने त्यांना सुनावलेलं. चार वर्षं मनात ठेवलं लोकांनी! बाकीचं स्टेडियम टाळ्या वाजवत होतं हे खरं, पण त्याने तिकडे बघून उपरोधाने टाळ्या वाजवल्या आणि नंतर म्हणाला की मी त्यांच्यातला नाही याचा मला अभिमान आहे.

आणि पुढच्या आठवड्यात फ्लोरेन्सला, म्हणजे परक्या गावात, खरीखुरी शेवटची मॅच, तिथलं पब्लिक उभं राहून टाळ्या. आता बोला.

ऑफसाइड_ताई
हे माहीतच नव्हतं. वाईट वाटलं वाचून. म्हणजे २५ वर्षं ज्याच्यासाठी घासली त्यानेच पाठ फिरवली, आणि आदर मिळाला तो शेजारच्या गावातून. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरी काकांचं असंच झालं होतं, असो, अवांतर.

जुनी_जर्सी
बारेसीचं नाव निघालंच आहे तर म्हाताऱ्याला बोलू द्या जरा.

हा पोरगा आधी इंटरकडे ट्रायलला गेला होता, त्यांनी भाऊ घेतला, बेप्पे, आणि याला किरकोळ म्हणून परत पाठवला. मग मिलानने घेतला. त्याचं टोपणनाव 'पिशिनिन', मिलानच्या बोलीत छोटू. १९७९ ला, म्हणजे वयाची विशी गाठायच्या आत, लीग जिंकला. आणि पुढच्याच वर्षी मॅच फिक्सिंगच्या प्रकरणात मिलानला खालच्या डिव्हिजनमध्ये ढकललं. परत वर आले, १९८२ ला परत खाली, या वेळी कुठलं प्रकरण नाही, खेळच वाईट. त्याच उन्हाळ्यात हा स्पेनला वर्ल्ड कप जिंकणाऱ्या इटलीच्या संघात होता, मैदानावर उतरला नाही पण संघात होता. म्हणजे मेडल घेऊन घरी आला आणि सेरी बी खेळायला गेला. २२व्या वर्षी कॅप्टन. १९९७ पर्यंत तिथेच, ७१९ मॅचेस.

मला तो आठवतो १९९४ चा. नॉर्वेविरुद्ध गुडघा गेला, मिनिस्कस, ऑपरेशन झालं, आम्ही म्हटलं संपला याचा वर्ल्ड कप. आणि फायनलला कॅप्टनची पट्टी बांधून हजर! आपल्याकडे रात्री एकला सुरू झालेली मॅच, दूरदर्शनवर, आवाज अगदी बारीक केलेला कारण वडील आत झोपलेले. १२० मिनिटं त्या पासाडेनाच्या उन्हात रोमारिओ आणि बेबेटोला गोल मारू दिला नाही ३४ वर्षांच्या माणसाने, तेही ऑपरेशन होऊन चार आठवडे व्हायच्या आत. मग पहिली पेनल्टी त्यानेच घेतली आणि बारवरून घालवली. सगळं जग बाज्जोच्या पेनल्टीचं बोलतं. मला तो गुडघ्यावर बसलेला बारेसी दिसतो. सकाळी वडिलांनी विचारलं कोण जिंकलं, मी म्हटलं ब्राझील, आणि आंघोळीला पळालो.

पेठकर
काका नाद खुळा लिवलंय. दंडवत.

आमच्या कोल्हापुरात हे इटलीवाल्यांचं लगेच कळतंय बघा, कारण हितं पण तेच हाय. शाहू स्टेडियमला पाटाकडील आणि खंडोबा तालमीची मॅच असली की पेठेत दुकानं अर्धी बंद. पोरगं ज्या तालमीच्या दारात वाढलं त्याच तालमीकडनं खेळायचं, आज्जा पण त्याच तालमीचा. आता पैसं आल्यापासनं पोरं सीझनला तालीम बदलत्यात, बाहेरनं पण प्लेअर आणत्यात, मग म्हातारी माणसं गॅलरीत बसून बोलत्यात, "आमच्या टायमाला असं नव्हतं." हे सगळं वाचताना त्येच आठवायलंय. टोट्टीचं म्हंजे तर पेठेतलंच की वो, लहान असताना मिलानची माणसं घरी आल्ती आणि आईनं परत पाठवली, पोरगं घर सोडून जाणार न्हाई म्हणून. अशी आई शिवाजी पेठेत शोभून दिसंल.

काडीटाक्या
हे आईवगैरे ठीक आहे. पण मी थोडा वेगळा सूर लावतो, ह.घ्या.

जुन्या प्लेअरांच्या निष्ठेचं आपण फार कौतुक करतो. इटलीत १९८१ पर्यंत प्लेअरची नोंदणी क्लबच्याच ताब्यात असायची, करार संपला तरी तो सुटायचा नाही, क्लब विकेल तिकडे जायचं, नाही विकलं तर बसायचं. १९८१ च्या ९१ नंबरच्या कायद्याने ते हळूहळू काढलं आणि खरी मोकळीक १९९५ च्या युरोपियन कोर्टाच्या बोस्मन निकालानंतर, करार संपला की प्लेअर मोकळा. तेव्हा डिफेंडर फाकेत्ती १८ वर्षं इंटरकडे राहिला यात त्याची निष्ठा किती आणि मालकाचं कुलूप किती? दावणीला बांधलेल्या बैलाला आपण म्हणतो का किती निष्ठावान आहे म्हणून?

आणि टोट्टी काही फुकट खेळत नव्हता. रोमात राजा होता, पगारही राजाचा.

नाना_नेराझुरी
फाकेत्तीला बैल म्हणायचं काम नाही. निषेध.

काडीटाक्या
नाना, त्यांना नाही, पद्धतीला म्हटलं. इनो घ्या.

जुनी_जर्सी
काडीटाक्याचा मुद्दा चूक नाही, पण त्याच काळातला एक माणूस त्या मुद्द्याला पुरून उरतो. लुइजी रिव्हा. गावचा लेज्जुनोचा, लोम्बार्डीत, माज्जोरे तळ्याकाठी. नऊ वर्षांचा असताना वडील कारखान्यात अपघातात गेले, याला धर्मसंस्थेच्या वसतिगृहात टाकलं, तिथे याचा जीव रमला नाही. आई पण लवकर गेली. १९६३ ला १८ वर्षांचा असताना सार्डिनिया बेटावरच्या कॅल्यारीला विकला. तेव्हा सार्डिनिया म्हणजे उत्तरेतल्या लोकांच्या लेखी काळ्या पाण्याची शिक्षा, सरकारी माणसाची बदली करायची तर तिकडे करायची असं ठिकाण. हा म्हणाला लवकरात लवकर परत येणार.

परत आलाच नाही. कॅल्यारी तेव्हा सेरी बीमध्ये, पुढच्या वर्षी वर आले, आणि १९७० ला लीग जिंकले! ३० मॅचेसमध्ये ११ गोल खाल्ले फक्त, आणि रिव्हाचे २१. त्या बेटावर लीग आली ती तेवढीच एकदा, आधी नाही नंतर नाही. इटलीसाठी ४२ मॅचेसमध्ये ३५ गोल, आजही कोणी मोडलेला नाही तो विक्रम. देशासाठी खेळताना दोन वेळा पाय मोडून घेतले, एकदा उजवा एकदा डावा.

आता कुलपाचं बघा. युव्हेंटस पैशांची पेटी उघडून बसलेली, क्लबलाही पैसे हवे होते. म्हणजे कुलूप उघडंच होतं, मालक दार धरून उभा होता, आणि हाच बाहेर पडायला तयार नाही. कारण विचारलं तर सांगायचा की इथल्या लोकांनी मला घर दिलं. ज्याचं घर नऊ वर्षांचा असताना मोडलं त्याने घर म्हटलं की मी पुढे वाद घालत नाही. जानेवारी २०२४ मध्ये गेला, कॅल्यारीतच. अंत्ययात्रेला हजारो लोक.

काडीटाक्या
काका, इथे मी शस्त्र खाली ठेवतो. रिव्हाबद्दल एवढं माहीत नव्हतं.

ऑफसाइड_ताई
काका तुम्ही वेगळा लेख लिहा ना रिव्हावर. वाचनखूण साठवली.

म्हातारीचा_भक्त
उशिरा आलो, ऑफिसात अप्रेझल चालू आहे, निष्ठेची किंमत किती टक्के ते कळलंय आजच. 😑

युव्हेंटसला इटलीत 'म्हातारी बाई' म्हणतात, त्यावरून माझा आयडी. आणि तिच्या बाबतीत सगळ्यात फेमस वाक्य डेल पिएरोचं, सभ्य पुरुष बाईला सोडून जात नाही. २००६ ला कॅल्चोपोली, म्हणजे रेफरी नेमण्यातल्या साटंलोट्याचं प्रकरण, झालं, युव्हेंटसचं टायटल काढलं, सेरी बीमध्ये टाकलं, वर पॉइंट कापले. कॅनावारो आणि इमर्सन रियालला पळाले, थुराम आणि झाम्ब्रोत्ता बार्सेलोनाला, इब्राहिमोविच आणि व्हिएरा तर सरळ इंटरला, हे दुखणं अजून गेलं नाही. राहिले कोण? डेल पिएरो, बफन, कामोरानेसी, नेडवेड, ट्रेझेगे. ९ जुलैला बर्लिनला वर्ल्ड कपची फायनल आणि ९ सप्टेंबरला रिमिनीला सेरी बीची पहिली मॅच, बरोब्बर दोन महिने. समुद्राकाठचं छोटं गाव, लोक पोहायला जातात तिथे, तिथलं एवढंसं स्टेडियम. आणि १-१ बरोबरी, जिंकलो पण नाही! पण त्या सीझनला डेल पिएरोने २० गोल मारले, सेरी बीचा टॉप स्कोअरर, आणि टीम पहिली येऊन वर.

एवढं करून २०११ च्या ऑक्टोबरात अध्यक्षांनी शेअरहोल्डरांच्या मीटिंगमध्ये सांगून टाकलं की हा याचा शेवटचा सीझन. त्याला राहायचं होतं हो! १३ मे २०१२, अटलांटाविरुद्ध शेवटची लीग मॅच, त्याने गोल मारला, मग दुसऱ्या हाफमध्ये त्याला बाहेर घेतला आणि काय झालं माहितीये का, आत मॅच चालू आहे आणि हा बाहेरून स्टेडियमला फेरी मारतोय. लोक स्कार्फ फेकतायत, हा वाकून एकेक उचलतोय, गळ्यात घालतोय. मैदानावर बॉल कुठे आहे कोणी बघत नव्हतं, मला वाटतं प्लेअर पण नाही.

कट्ट्यावरचा_गोली
+१. ते वाकून स्कार्फ उचलणं! टोट्टीच्या पत्राच्या तोडीचं आहे.

आणि सेम स्टोरी डि रॉसीची. १८ वर्षं रोमा, ६१६ मॅचेस, टोट्टी असेपर्यंत सगळे याला 'भावी कॅप्टन' म्हणायचे, बिचारा राजपुत्र चार्ल्ससारखा वाट बघत बसला, दोन सीझन कप्तानी मिळाली आणि २०१९ ला क्लबने करार वाढवला नाही. मग बोका ज्युनियर्सला जाऊन खेळला थोडं. परत आला तेव्हा नाक, दाढी, टोपी लावून पूर्ण वेशांतर करून रोमा-लाझिओ डर्बीला, एकाच शहरातल्या दोन क्लबांच्या मॅचला, रोमाच्या कुर्वा सूदमध्ये जाऊन बसला, कारण इतकी वर्षं मैदानात असल्यामुळे स्टँडमधून डर्बी कधी बघताच आली नव्हती. २०२४ ला कोच म्हणून बोलावला आणि त्याच वर्षी सप्टेंबरात काढला. म्हणजे आपला निष्कर्ष काय निघतोय, की क्लब कोणाचा नसतो?

लाल_काळा
मालदिनीला पण २०२३ ला मिलानने डायरेक्टर पदावरून काढलं, आदल्याच वर्षी लीग जिंकून दिलेली. घ्या लिहून वहीत.

मडगावकर
मालक बदलतात म्हणून होतं हे सगळं. जुना मालक गावातला असायचा, त्याला बाजारात लोक तोंडावर विचारायचे. आता मालक अमेरिकेत, त्याला कोण विचारणार. आमच्या गोव्यात पण जुन्या क्लबांची नावं घेतली की लोक गप्प होतात, साळगावकर, धेंपो, एकेकाळी काय मॅचेस व्हायच्या फातोर्ड्याला.

मला या धाग्यावर बाज्जो पण हवाय, जरी तो सात क्लब फिरला तरी. १९९० ला फिओरेंटिनाने त्याला युव्हेंटसला विकला तर फ्लोरेन्समध्ये दंगल झाली, रस्त्यावर लोक जखमी. पुढच्या वर्षी युव्हेंटसकडून तिथे खेळायला आला, पेनल्टी मिळाली, हा म्हणाला मी नाही मारणार. दुसऱ्याने मारली, चुकली. मग याला बाहेर घेतला तेव्हा स्टँडमधून फिओरेंटिनाचा जांभळा स्कार्फ आला तो याने उचलला. माणूस विकला गेला तरी आत कुठेतरी राहतो तिथेच, हे पण निष्ठेतच धरा.

काडीटाक्या
धरलं. हा माझ्या मुद्द्याला बळकटी देतो खरं तर, प्लेअरला कोण विचारतं.

उलट बाजू पण बघा मग. दोन्नारुम्मा, १८ वर्षांचा पोरगा, २०१७ ला मिलानशी करार वाढवायला नाही म्हणाला तर युरो अंडर २१ च्या मॅचला त्याच्या गोलपोस्टमागून खोट्या नोटा फेकल्या लोकांनी, 'डॉलरुम्मा' म्हणून बॅनर. १८ वर्षांचा! आपण या वयात कॉलेजच्या कँटीनची उधारी बुडवत होतो. निष्ठेची अपेक्षा फक्त पोरांकडून, आणि क्लबने मात्र डेल पिएरोला मीटिंगमध्ये निकालात काढायचं.

ऑफसाइड_ताई
हे मात्र पटलं. माझा भाऊ हाच वाद घालतो घरी. पण तरी मला एक सांगा, दोन्नारुम्माचा राग येतो की नाही? मला येतो. लॉजिक नाही त्यात काही.

बादवे, कोणी डि नाताले नाही घेतला? नेपल्सचा माणूस, उदिनेच्या क्लबला, उदिनेझेला, १२ वर्षं. २०१० ला युव्हेंटस बोलवत होती, नाही म्हणाला, बायकापोरं इथे रमलीत म्हणून. त्या आधीच्या सीझनला २९ गोल, नंतरच्या सीझनला २८, दोन्ही वर्षी लीगचा टॉप स्कोअरर, आणि एक पण ट्रॉफी नाही. मला असे लोक जास्त आवडतात, ज्यांच्याकडे दाखवायला काही नाही.

पेठकर
ताई विषय हार्ड. मग त्या माळंत पेलिसिएर पण ओवा. किएव्हो म्हंजे व्हेरोनाच्या कडंचं एक छोटं उपनगर, त्यांची टीम थेट सेरी ए खेळली, त्यांच्याकडनं यानं ५०० च्या वर मॅचेस मारल्या, २०१९ ला थांबला. २०२१ ला क्लबच बुडाला, कर थकला, लीगनं बाहेर काढला. आता झेंडा हाय पण किल्लाच न्हाई म्हटल्यावर काय करायचं? यानं दुसरा नवा क्लब काढला, पार तळातल्या डिव्हिजनपासनं. आणि २०२४ ला जुन्या क्लबचं नाव आणि चिन्ह लिलावात निघालं तर लोकांकडनं वर्गणी गोळा करून ते विकत घेतलं आणि नव्या क्लबला परत तेच नाव दिलं. वर्गणी काढून! हे आमच्या गल्लीतलं मंडळच झालं की.

नाना_नेराझुरी
पेलिसिएरची गोष्ट मस्त. माझे दोन पैसे: बेर्गोमी, ७५६ मॅचेस इंटरसाठी, १८ व्या वर्षी वर्ल्ड कप जिंकला आणि मिशी अशी की लोक 'काका' म्हणायचे. झानेत्तीबद्दल लिहिणार होतो पण तो अर्जेंटिनाचा, धाग्याचा नियम मोडत नाही.

म्हातारीचा_भक्त
पेठकर जबरी.

एक राहिलंच, पुणेकरांसाठी. २०१४ ला आयएसएल (इंडियन सुपर लीग) सुरू झाली तेव्हा डेल पिएरो दिल्ली डायनामोजकडे आला आणि ट्रेझेगे आपल्या एफसी पुणे सिटीकडे. म्हणजे रिमिनीच्या त्या पडत्या काळात एकत्र राहिलेले दोघं, आठ वर्षांनी भारतात, समोरासमोरच्या टीममध्ये! दोघांच्या टीमची पहिलीच मॅच एकमेकांशी, दिल्लीला, ०-०. पुणे सिटीत तेव्हा फिओरेंटिनाची पण भागीदारी होती, कोच इटालियन, सगळा माहोल.

दिल्ली बालेवाडीला आली त्या दिवशी माझ्या मावसभावाचं लग्न. साताऱ्याला. मी पंगतीत वाढत होतो आणि खिशात फोन. आईला आजही सांगतो, तो लग्न नंतरही करू शकला असता. पुढे दुसऱ्या एका मॅचला गेलो ट्रेझेगेला बघायला, केस पांढरे व्हायला लागलेले, धावणं कमी, पण बॉक्समध्ये उभं राहायची जागा अजून तीच. मागे बसलेले एक गृहस्थ बायकोला सांगत होते, हा फॉरेनर काही पळत नाही, फुकट आणलाय. मला उठून सेरी बीची सगळी कथा सांगावीशी वाटली त्यांना, पण त्यांनी मला चिवडा दिला मग मी गप्प बसलो.

कट्ट्यावरचा_गोली
😂😂 फोटो असेल ना त्या मॅचचा? टाक की इथे.

म्हातारीचा_भक्त
आहे एक. पण त्यात ट्रेझेगेच्या जागी पुढच्या रांगेतल्या माणसाचं टक्कल आलंय.